मॅन्डोलिन लागेपर्यंत

किल्ली फरशीवर पडली, ठणकन वाजली, आणि कुलूपने मान वळवली नाही. काल मी इथवर आलो आणि सूनबाईंनी जेवायला हाक मारली, त्यामुळे ती किल्ली अजून तिथंच पडून आहे. आता उचलू या. जे काल नव्हते त्यांनी गोंधळायचं कारण नाही, मी सगळं पुन्हा सांगतो. मला पुन्हा सांगायला आवडतं आणि घरच्यांना त्याची सवय आहे.

कुलूप म्हणजे माणूस. बाजारच्या गल्लीत त्याचं किल्ल्या करून द्यायचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. तीत एक घासायचं यंत्र, एक स्टूल आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. धंदा कुलपांचा आणि तोंडही तसंच, म्हणून नाव पडलं कुलूप. गिऱ्हाइकाने विचारलं, किती वेळ लागेल, तर हा स्टुलाकडे बोट दाखवतो. बसा म्हणजे. बायकोशी बोलतो असं म्हणतात, पण साक्षीदार नाही. असा हा माणूस मॅन्डोलिन वाजवतो, आणि वाजवायला लागला की वाटतं, याने दिवसभर न बोललेलं सगळं बोटांत साठवून आणलंय.

आम्ही हौशी मंडळी. पैसे घेऊन आम्हाला कुणी बोलावणार नाही आणि फुकट बोलावलं तरी लोक दोनदा विचार करतील. आठवड्यातून एका संध्याकाळी शिवणक्लासच्या खोलीत जमतो. मशिनी भिंतीला सरकवायच्या, खुर्च्या गोल मांडायच्या, बसण्यापूर्वी खुर्चीवरून हात फिरवून टाचणी नाही ना ते बघायचं. कोपऱ्यात कपडे मापायचा पुतळा आहे, डोकं नसलेला. त्याच्या खांद्याला आम्ही पिशव्या अडकवतो. त्याने कधी तक्रार केली नाही, आमचं वाजवणं ऐकूनसुद्धा नाही.

पहिल्या खुर्चीवर मापसाहेब. हे वजनमापं तपासणारे सरकारी अधिकारी. आयुष्यभर दुकानांतले तराजू उलटे करून खाली मेण चिकटवलंय का ते बघितलं, त्यामुळे यांना सरळ उभी असलेली गोष्ट दिसली की उलटी करून बघावीशी वाटते. हे क्लॅरिनेट वाजवतात. दुसऱ्या खुर्चीवर दातांच्या डॉक्टरीणबाई, व्हायोलिन. त्यांच्यापुढे आम्ही हसताना तोंड जरा मिटूनच हसतो. तिसरा मी. माझी पिठाची गिरणी होती. वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून सगळे मला आजोबा म्हणतात. मी डफ वाजवतो आणि गाणं जरा मऊ असेल तर खुळखुळा. गिरणीच्या पट्ट्याने माझे कान निम्मे नेलेत, पण डफवाल्याच्या कानांवर कुणी संशय घेत नाही. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर कुलूपचा मुलगा. तो लांब पल्ल्याची बस चालवतो. गाडीवर कधी बोलावतील नेम नाही, म्हणून दाराजवळ बसतो, खाकी कपड्यांतच येतो आणि खिशातून माऊथ ऑर्गन काढतो. आणि मध्ये, सगळ्यांकडे तोंड करून, मॅन्डोलिन घेतलेला कुलूप.

आता आमची पद्धत ऐका, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मॅन्डोलिनला आठ तारा असतात, जोड्याजोड्यांनी. जोडीतली एक तार केसभर इकडंतिकडं असली की दोन्ही मिळून थरथरतात. ती थरथर जाईपर्यंत खुंटी पिळत बसायचं. मुलगा माऊथ ऑर्गनवर एक सूर देतो आणि बाप आठ तारा त्या सुराला मिळवतो. तोवर आम्ही काय करायचं? पूर्वी गप्पा व्हायच्या. कुणाचा जावई कसा, कुणाच्या भिंतीला ओल कुठून आली. त्यातून एकदा भांडण झालं आणि मापसाहेब दोन आठवडे आले नाहीत. तेव्हा बाईंनी फर्मान काढलं: मॅन्डोलिन लागेपर्यंत फक्त पुस्तकांवर बोलायचं. सध्या काय वाचतोय, दुसऱ्याने ते वाचावं का, एवढंच. पहिल्या खुर्चीपासून सुरू. आणि कुलूपने आठही तारांवरून एकदा झर्रकन हात फिरवला की बोलणारा थांबणार, शब्द अर्धा असला तरी. कुलूपला बोलायचा नंबर नाही, कारण त्याचे हात गुंतलेले असतात. तशी त्यानेही कधी मागणी केली नाही.

मापसाहेब पहिले, यालाही कारण आहे. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी बसते, ती आधी जिभेवर भिजवावी लागते. पट्टी तोंडात गेली की साहेब बंद. म्हणून ते आधी बोलून घेतात. वाचतात राजघराण्यांचे जाडे इतिहास. कुणी कुणाला गादीवरून ढकललं ते असं सांगतात, जणू पंचनामा करायला स्वतः गेले होते. मग पट्टी तोंडात, आणि पुढचा सगळा वेळ नुसते डोळे फिरवणं. बाई प्रवासवर्णनं वाचतात. बर्फातली, वाळवंटातली. स्वतः मात्र दवाखाना सोडून कुठं गेलेल्या नाहीत. "दाढ दुखायला लागली की लोक माझा पत्ता शोधतात हो, मी कुठली जाते," म्हणतात. मी रहस्यकथा वाचतो. गावच्या शाळेत शिकलेला माणूस मी, ओळीखाली बोट ठेवून वाचतो, त्यामुळे खुनी मला सावकाश सापडतो आणि मजा जास्त दिवस पुरते. मी बाईंना किती वेळा म्हटलं की एक तरी रहस्यकथा वाचा. त्या म्हणतात, "आजोबा, माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधीच घाबरलेला असतो, मला आणखी नको."

आमच्यापर्यंत, म्हणजे माझ्या पुस्तकातल्या पहिल्या प्रेतापर्यंत, कुलूपचं लावून व्हायचं. झर्रकन हात फिरायचा आणि वाजवायला सुरुवात. दाराजवळच्या खुर्चीचा नंबर आम्ही कधी ऐकलाच नव्हता. बसवाला वाचतो तरी का, हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

एकदा मॅन्डोलिनच्या एका जोडीच्या तारा नव्या होत्या. नवी तार ताणते, उतरते, पुन्हा चढवावी लागते. त्या दिवशी माझं प्रेत सापडलं, पोलीस आले, शेजारणीची जबानीही झाली, तरी हात फिरला नाही. बाईंनी दाराकडे बघितलं. "तुम्ही काय वाचताय?"

बसवाला दचकलाच. मग म्हणाला, "एक कादंबरी आहे. नावाड्याची." डेपोत गाडी उभी असते तेव्हा वाचतो म्हणाला. नदीवर नाव चालवणारा एक माणूस असतो आणि त्याच नदीवर पूल बांधायला घेतात. पूल झाला की याची नाव बंद. पण पुलाच्या मजुरांना रोज पलीकडे नेणार कोण, तर हाच. रोज सकाळी स्वतःचं दुकान बंद करणाऱ्यांना हा स्वतःच सोडून येतो. हे सांगता सांगता पोराने वल्ही मारायला सुरुवात केली. खुर्चीतल्या खुर्चीत, दोन्ही हातांनी, मोठं चक्र फिरवायची सवय असलेले हात ते. नावाडी मजुरांशी कसा बोलतो, मुकादमाशी कसा, सगळे आवाज काढले. मला आमचे शाळेतले गुरुजी आठवले. ते गोष्ट वाचताना घंटा झाली की पुस्तक मिटायचे, आणि आम्ही शिपायाच्या नावाने बोटं मोडायचो.

इथून पुढं मॅन्डोलिन लागायला वेळ लागायला लागला.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल तर मापसाहेबांच्या. वेताची पट्टी तोंडात, डोळे मॅन्डोलिनवर. त्या काळात आम्हाला एक निमंत्रण आलं होतं. गावातल्या वाचनालयाचं नवं दालन उघडायचं होतं, तिथं वाजवायचं. आमच्या आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसं समोर बसणार होती. सराव हवा, आणि सरावातला वेळ खुंट्या पिळण्यात चाललेला. बसवाल्याचा नावाडी आठवड्यामागून आठवडे नदी ओलांडतोय, आणि कुलूप मान खाली घालून त्याच खालच्या तारेपाशी.

"आजोबा, याचे कान गेले," जिना उतरताना साहेब मला म्हणाले. "तुम्हाला दिसत नाही?"

"माझेही गेलेत."

"तुमचं चालतं. डफाला काय लागतं. पण मॅन्डोलिनवाल्याला तार कळेनाशी झाली तर वाचनालयात आपली शोभा होईल. पोस्टातला एक मुलगा चांगला वाजवतो म्हणे. विचारून ठेवायला काय हरकत आहे."

म्हणजे बघा, खुर्ची जायची वेळ आली. ज्या माणसाला जगात बोलायला एवढी एकच जागा, तीही बोटांनी, त्याची ती जागा. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली, कारण इतकी वर्षं रहस्यकथा वाचून पहिल्यांदा एक संशयित माझ्यासमोर खुर्चीवर बसला होता.

साहेब म्हणाले, पुरावा पाहिजे. तर तो पुरावा म्हणजे ती किल्ली. बसवाला बोलत होता, नावाडी पुरात अडकला होता. साहेब हळूच उठले, कुलूपच्या पाठीमागे पुतळ्याजवळ गेले, पिशवीत काहीतरी शोधतोय असं दाखवलं आणि किल्ली सोडली. मला ऐकू आली. मला. म्हणजे शेजारच्या इमारतीतही गेली असणार. बाईंनी वळून बघितलं, बसवाल्याचं वल्हं क्षणभर हवेत थांबलं. आणि ज्या माणसाचं पोट किल्ल्यांवर, तो तारेवर वाकलेला तसाच वाकलेला.

साहेबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तोंडात पट्टी, नाहीतर बोलले असते.

मला मात्र एवढ्यावर समाधान नव्हतं. पुस्तकात पहिल्यांदा सापडतो तो खुनी कधीच खरा नसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी मी घरच्या फडताळाची किल्ली घेऊन त्याच्या दुकानात गेलो. फडताळाला कुलूप लावण्यासारखं आत काही नाही, पण कारण पाहिजे ना. त्याने स्टुलाकडे बोट दाखवलं. मी बसलो. तो एका जुन्या कुलपाशी झटत होता. कान कुलपाला लावलेला नाही, नुसतं हातात धरलेलं, एक बारीक तार आत घातलेली, आणि आतलं काहीतरी टिक झालं की हा मान हलवायचा. मला टिक ऐकू येत नव्हतं, मान हललेली दिसत होती.

त्याची पाठ माझ्याकडे झाल्यावर मी अगदी ओठांतल्या ओठांत म्हटलं, "बाहेर ऊन फार आहे."

"पाणी माठात आहे," तो म्हणाला. वळलासुद्धा नाही.

मी पेलाभर पाणी घेतलं. मग त्याने किल्ली घासायला घेतली, आणि यंत्र सुरू व्हायच्या आधी विचारलं, "काल पडलेली किल्ली मापसाहेबांनी उचलली का?"

माझ्या हातून पेला सुटायचाच बाकी होता. म्हणजे ऐकली होती. किल्ली ऐकली, ती कुणाची तेही ओळखलं, आणि मान वळवली नाही. आता मला संशयाने घेरलं ते खरं.

यंत्र किर्र करत असताना मी इकडंतिकडं बघितलं. यंत्राच्या खालच्या फळीवर एक पुस्तक. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेलं, आणि आत खूण म्हणून एक कोरी किल्ली, अगदी शेवटाजवळ. मी रहस्यकथांचा वाचक, मला राहवतंय होय? कव्हर जरा उचललं. नावाड्याचं पुस्तक. मुलाचं नव्हे, मुलाच्या पुस्तकाला पाठपुठ्ठा नाही, मी त्याच्या मांडीवर कितीदा बघितलंय. हे दुसरं, रद्दीवाल्याकडून आणलेलं, कोपऱ्यावर कुणाच्या तरी चहाचा गोल डाग. म्हणजे सगळी गोष्ट याला ठाऊक आहे. नावाडी पुरातून वाचतो की नाही, पूल होतो की नाही, सगळं. आणि शिवणक्लासात असा बसतो जणू पहिल्यांदा ऐकतोय.

हे मी साहेबांना सांगितलं नाही. एवढा एक धागा स्वतःसाठी ठेवला. कान चांगले आहेत एवढंच सांगितलं. वाटलं, बिचाऱ्याची खुर्ची वाचेल. झालं उलटंच.

साहेब जिन्यातच थांबले. "कान चांगले आहेत? आजोबा, वजन चुकीचं भरलं तर दोनच कारणं असतात. एक तर काटा बिघडलेला असतो, नाहीतर पारड्यावर कुणीतरी अंगठा ठेवलेला असतो. काटा नीट आहे म्हणताय ना? मग अंगठा आहे." आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "पोस्टातल्या वाजवणाऱ्यांनी फोडला असेल याला. आपला कार्यक्रम पडावा आणि पुढचं निमंत्रण त्यांना मिळावं म्हणून."

"कुलूपला फोडायचं म्हणजे त्याच्याशी बोलावं लागेल," मी म्हटलं. "ते कुणाला जमलं?"

"न बोलणारेच यात असतात."

पुढच्या संध्याकाळी बाईंच्याही कानावर गेलं. बाई कुणावर लवकर संशय घेत नाहीत, पण घेतला की मुळापर्यंत जातात, धंदाच तो. त्यांनी कुलूपला गोड आवाजात विचारलं, "कुलूपकाका, खुंट्या सैल झाल्यात का? बदलून घ्यायच्या?" त्याने नाही अशी मान हलवली. "डोळ्यांना त्रास?" मान हलवली. "मग वेळ का लागतो हो?" त्याने खांदे उडवले आणि खालची तार छेडली. ती थरथरली. मी बघत होतो त्याच्या बोटाकडे. खुंटी त्याने पिळली खरी, पण आधी पुढं आणि मग तेवढीच मागं. तार होती तिथंच राहिली.  अंगठा म्हणतात तो हाच.

आता बसवाल्याचं ऐका. तो काही लहान नाही, त्याला वास आला. एकदा सराव संपल्यावर मला खाली गाठलं. "आजोबा, बाबांना काढणार आहेत का?"

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला पाहिजे. बाबांनी तार छेडली की साहेब कसे बघतात, दिसतं की. आमच्या डेपोत तिकीट तपासणारे असेच बघतात." मग म्हणाला, "वाजवणं गेलं तर ते घरी काय करतील हो? घरी आमच्यात बोलणं म्हणजे, गाडी किती वाजता, किल्ली घेतली का. संपलं."

"तू का बोलत नाहीस?"

"काय बोलू? ते दुकानातून येतात तेव्हा मी निघालेला असतो. आणि बोललं तरी ते मान हलवणार."

पोरगं चांगलं. पुढच्या वेळी येताना एक डबी घेऊन आला. शहरात गाडी थांबली तेव्हा घेतली म्हणाला. सूर दाखवायचं यंत्र. चिमट्यासारखं मॅन्डोलिनच्या डोक्याला लावायचं, तार छेडली की काटा हलतो, काटा मध्ये आला की हिरवा दिवा. कान लागत नाहीत. "बाबा, हे लावा. म्हणजे त्रास नको."

काटा बघून मापसाहेब लहान मुलासारखे खूश झाले. उठून जवळ गेले, चष्मा लावला. "काट्याशी कुणाला वाद घालता येत नाही," म्हणाले.

कुलूपने ती डबी हातात घेतली, उलटसुलट बघितली. मुलाकडे बघितलं. मी त्याच्या चेहऱ्यावर डोळे लावून बसलो होतो. त्यावर काय होतं ते मला लागलं नाही, पण प्रेझेंट मिळाल्याचा आनंद नव्हता तो. चिमटा लावला. हिरवा, हिरवा, हिरवा, आठ वेळा हिरवा. झर्रकन हात फिरला. बाई वाळवंटात उंटावर बसत होत्या, एक पाय वर, तशाच राहिल्या. माझ्यापर्यंत नंबरही आला नाही.

त्यानंतरचे सराव फार चांगले झाले. एवढे चांगले की मला कंटाळा आला. साहेबांचा एक राजा धड गादीवर बसत नाही तोवर मॅन्डोलिन तयार. माझ्या खुन्याचं नाव माझ्याजवळच. दाराजवळच्या खुर्चीवर बसवाला पुस्तक मांडीवर ठेवायचा, मग हळूहळू ते आणेनासाच झाला. आणि कुलूप वाजवायचा, सगळं सुरात, एकही तार इकडची तिकडं नाही, पण ऐकताना वाटायचं, कुणीतरी पत्ता सांगतंय.

मग यंत्र बंद पडलं. दिवाच लागेना. बसवाल्याने नवा सेल आणला, बटणासारखा चपटा असतो तो. लागला. पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद. त्या दिवशी कार्यक्रम अगदी तोंडावर आलेला.

"सेल संपला असेल," कुलूप म्हणाला, आणि हाताने लावायला बसला.

साहेबांनी पट्टी तोंडातून काढली. हे मी आजवर पाहिलं नव्हतं. "एका आठवड्यात?" ते म्हणाले. "आणा इकडं."

 साहेबांनी यंत्र हातात घेतलं, सवयीप्रमाणे उलटं केलं, नखाने झाकण उघडलं. मग ते आम्हा सगळ्यांना दिसेल असं धरलं. सेल उलटा बसवलेला होता.

"माझ्याच हातून बसला असेल," बसवाला घाईने म्हणाला.

"तुम्ही बसवला तेव्हा दिवा लागला होता. आम्ही सगळ्यांनी बघितला." साहेब कुलूपकडे वळले. "कुलूपराव, तुम्ही डोळे मिटून कुलूप उघडता. तुमच्या हातून सेल उलटा बसतो, हे मला पटवून द्या. पोस्टातल्या मुलाला मी अजून निरोप दिलेला नाही. पण आज उत्तर मिळालं नाही तर इथून सरळ त्याच्याकडे जाईन."

कुलूपने मान खाली घातली. तो बोलणार नव्हता. मी ओळखतो त्याला, तो तसाच उठून, मॅन्डोलिन पिशवीत घालून निघून गेला असता, आणि आम्ही जन्मभर त्याला पोस्टवाल्यांचा माणूस समजलो असतो. म्हणून मी माझा राखून ठेवलेला धागा काढला.

"साहेब, आणखी एक," मी म्हटलं. "हा खालची तार मुद्दाम पुढं-मागं करतो, मी डोळ्यांनी बघितलंय. आणि ते नावाड्याचं पुस्तक याच्या दुकानात आहे. यंत्राच्या खाली. शेवटापर्यंत आलाय."

"मग ऐकत काय बसतो?" साहेब म्हणाले. त्यांचा तराजू पहिल्यांदाच अडकलेला दिसला.

बाईंनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्या कुलूपकडे बघतच नव्हत्या, दाराकडे बघत होत्या.

बसवाला उभा राहिला होता. "बाबा, तुम्ही वाचलंय ते?" कुलूपने मान हलवली, होय अशी. "मग इथं मला कशाला सांगायला लावायचं? वेळ काढायचा, यंत्र बंद पाडायचं, सगळ्यांचे संशय घ्यायचे अंगावर. घरी विचारलं असतं तर घरी सांगितलं असतं की."

यावर कुलूप जे बोलला ते मी पदरचं काही न घालता सांगतो, कारण त्याला एवढं लांब बोलताना आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकू याची खात्री नव्हती. मॅन्डोलिनची खुंटी हातात धरून, मुलाकडे बघून तो म्हणाला:

"घरी विचारलं होतं. तू बूट घालत होतास. म्हणालास, चांगलं आहे, वाचा. म्हणून मी वाचलं. चांगलं आहे, पण त्यातला नावाडी तू बोलतोस तसा बोलत नाही. घरी तू दारातून बोलतोस, इथं खुर्चीवर बसून बोलतोस, हात हलवतोस. तेवढं ऐकायला एक तार मागं ठेवावी लागते. साहेब, तुम्ही जिन्यात म्हणालात तो अंगठा माझाच आहे, पोस्टाच्या लोकांना मी ओळखत नाही. वाचनालयात एकही तार चुकणार नाही, तो माझा शब्द. पण आज ही खालची अजून लागलेली नाही. बस खाली. पूल झाला, आणि तो त्याच्यावरून पहिल्यांदा पायी चालत निघाला, तिथं थांबला होतास तू."